उमाळकर साहेबांचा बॅकअप

सिंधूकाकूंच्या तेराव्याला जेवणं उरकत आली होती, तेव्हा उमाळकर साहेबांनी मला अंगणाच्या कोपऱ्यात बोलावलं. मला वाटलं, वाढप्यांचं काही अडलं असेल. साहेबांचा चेहरा कोरडा होता, डोळे तेवढे सुजलेले. म्हणाले, "तुमच्या घरी संगणक आहे. त्याचा बॅकअप कोणत्या सॉफ्टवेअरने घेता?"

"घेत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे घेतच नाही. जे आहे ते संगणकातच आहे."

घराला दार लावायचंच मी विसरले आहे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोरचे तिवारीजी हात धुऊन येत होते. साहेबांनी त्यांना तोच प्रश्न हिंदीत विचारला. तिवारीजींनी सांत्वनासाठी जोडलेले हात तसेच धरून सांगितलं की भैया, ते सगळं आमची मुलगी बघते.

त्या दिवशी गल्लीत साहेबांबद्दल जे बोललं गेलं, ते चांगलं नव्हतं. बायकोचं तेरावं आणि माणसाला कॉम्प्युटर सुचतो. काकूंचा आवाज साहेबांच्या संगणकात ठेवलेला आहे, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आमची कॉलनी जबलपूरला, महाराजपुरात, शहराच्या टोकाला. गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. त्यांचे वडील आर्वीकडून आले, माझे नागपूरहून कारखान्यात नोकरीला. आता दोन्ही घरं इथलीच. ते गणपती बसवणारे, आम्ही विहारात जाणारे. साहेब सरकारी कार्यालयात होते आणि दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे तपासणं हे त्यांचं काम होतं. निवृत्तीनंतर मसुदे यायचे थांबले, तपासणं थांबलं नाही.

ते माणसांचं बोलणं तपासत. मी "काहून" म्हटलं की ते "का" म्हणत, हळूच, खोकल्यासारखं. "मी येऊन राहिली" म्हटलं की "येते आहे". वाक्य संपायची वाट बघत नसत. मी औषधांच्या गोदामात साठा सांभाळते. दिवसभर हिंदीत बोलते आणि घरी आले की आईने शिकवलेलं बोलते. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सगळे असंच बोलतात का?" त्यातला 'तुमच्याकडे' त्यांनी जरा लांबवला. मी म्हटलं, आमच्याकडेच असं नाही, सगळ्या नागपुरात बोलतात, आर्वीतही बोलतात. आर्वीचं नाव काढलेलं त्यांना आवडलं नाही.

विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका एका वर्षी आम्ही हौसेने मराठीत छापली. ती द्यायला मी त्यांच्याकडे गेले. साहेबांनी खिशातून पेन काढलं, दारात उभ्या उभ्या चुका दुरुस्त केल्या आणि पत्रिका मला परत दिली. कार्यक्रमाला आले नाहीत. काकू आल्या. उशिरा आल्या, मागे बसल्या, खीर दोनदा मागून घेतली आणि लवकर निघाल्या.

काकू साहेबांसमोर फारशा बोलत नसत. हो, नाही, झालं, वाढू का, एवढंच. एकट्या सापडल्या की मात्र ऐकत राहावं. तिवारीजींच्या बडबडीबद्दल त्या म्हणायच्या, "त्याचं तोंड म्हंजे गिरणीचा पट्टा वं, दाणा असो का नसो, फिरूनच राहते." मग तिवारीजींची मान हलवण्याची ढब हुबेहूब करून दाखवायच्या. हसायच्या तेव्हा पदर तोंडाशी न्यायच्या आणि आधी फाटकाकडे बघून घ्यायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल. लहानपणी तो आमच्या अंगणात खेळताना मराठी बोलायचा, आमच्यासारखी, मोडकीतोडकी. पुढे तो सगळ्यांशी हिंदीत बोलायला लागला, बापाशीसुद्धा. आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे.

काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर आवाज राहीलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून मायक्रोफोन आणला. ऐन मे महिना. पुढच्या खोलीच्या खिडक्या बंद, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर आवाजात येते. काकूंना समोर बसवून ते विषय देत. आज लग्नातल्या पंगतीबद्दल सांग. आज विहिरीबद्दल सांग. सकाळच्या त्या वेळात मिक्सर लावू नका, असं ते मला येऊन सांगून गेले. मी चटणी आदल्या रात्री वाटू लागले. काकू बाहेर यायच्या तेव्हा घामाने निथळलेल्या असायच्या. मी विचारलं की कसं चाललंय, तर म्हणाल्या, "शाळा भरून राहिली माई."

ऑपरेशन झालं. आवाज गेला. काही महिन्यांनी काकूही गेल्या. आणि तेराव्याला साहेबांनी तो प्रश्न विचारला. त्याचं कारण मला नंतर त्यांनीच सांगितलं. "तिचा आवाज एकदा गेला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर निवडायला हवं."

ते निवडण्यात त्यांची दोन वर्षं गेली.

मला वाटलं होतं, असल्या गोष्टी दुकानात जाऊन मागायच्या, तो देतो ती घ्यायची आणि घरी यायचं. साहेबांनी ती सोयरीक जमवायला घेतली. प्रत्येक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघता येतं. ते एक आणत, महिनाभर घरात ठेवत, त्याचं वागणं बघत आणि घालवून देत. त्यांनी नावंही ठेवली होती. एक होता कारकून. रोज ठरल्या वेळी मुकाट्याने काम करायचा, पण काय केलं ते सांगायचा नाही. साहेब म्हणाले, असे कारकून मी ऑफिसात पाहिले आहेत, मार्च महिन्यात कळतं की कपाट रिकामं आहे. एक होता सावकार. सगळं गोळा करून आपल्याच कुलपात बंद करायचा, त्याची चावी त्याच्याजवळ. त्याचं सॉफ्टवेअर घरात नसेल तर आपली फाइल आपल्यालाच उघडायची नाही. एक होता आरसा. संगणकात जे असेल तेच डिस्कवर. "छान दिसतं," साहेब म्हणाले, "पण तुम्ही समोरून उठलात की आरशातूनही उठता. इथून पुसलं की तिथूनही पुसलं. याला बॅकअप म्हणायचं?"

त्यात शहाणपण होतं, नाही असं नाही. त्यांची परीक्षाही रास्त होती. एखादी बिनमहत्त्वाची फाइल ते मुद्दाम पुसून टाकत आणि मग सॉफ्टवेअरला सांगत, आता आण परत. आणली की खूश होऊन मला सांगायला यायचे. वाटायचं, आता हे ठरलं. आठवड्याने त्यात काहीतरी निघायचं. इंटरनेटवर दूर कुठेतरी ठेवायची सोय असते, ती त्यांनी ऐकूनच बाजूला सारली. माझ्या बायकोचा आवाज मी परक्याच्या कोठारात ठेवायचा, आणि भाडं चुकलं की तो रस्त्यावर, असं त्यांचं म्हणणं. अगदी फुकट मिळणारंही नको. फुकट देणारा काय घेऊन जातो ते आधी बघावं.

मी एकदा वैतागून म्हटलं, दोन डिस्का घ्या, दोन्हीवर कॉपी करा आणि झोपा.

"कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे," ते म्हणाले. "कॉपी माकडही करतं."

निखिल फोनवरून एकच नाव सांगत होता. त्याच्या कंपनीतले लोक घरी तेच वापरतात. ते जुन्या आवृत्त्याही ठेवतं, चुकून काही पुसलं तरी मागचं सापडतं, आणि वापरणाऱ्याला फारसं काही करावं लागत नाही. साहेबांनी ते आणलं. सगळ्या परीक्षांत ते पास झालं. शिवाय त्यात मराठी होती, सूचना मराठीत दिसायच्या. साहेब इतके खूश झाले की मला बोलावून दाखवलं. पहिला बॅकअप संपला आणि पडद्यावर हिरवी पट्टी आली, 'बॅकअप पुर्ण झाला'.

साहेब पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुर्ण," ते म्हणाले. "पहिला उकार."

मी म्हटलं, साहेब, काम तर झालं ना.

"ज्याला 'पूर्ण' पूर्ण लिहिता येत नाही, तो काय पूर्ण करणार?"

त्यांनी ते माझ्यासमोर काढून टाकलं. रात्री निखिलचा फोन आला तेव्हा खिडकीतून त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. साहेब ऱ्हस्वदीर्घावर बोलत होते. पलीकडे निखिल काय म्हणाला ते कळलं नाही, पण फोन लवकर संपला.

निवड होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून शेवटी त्यांनी माझंच ऐकलं, तसं कबूल मात्र केलं नाही. दोन डिस्का आणल्या आणि दोन्हीवर काकूंचा सगळा आवाज उतरवला. एक ठेवली वरच्या खोलीत, खाली पाणी शिरलं तर असावी म्हणून. दुसरी ठेवली खालच्या कपाटात, वर काही झालं तर असावी म्हणून. दोन्हींवर पांढरी चिठ्ठी डकवली आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. एकीवर 'वर', दुसरीवर 'खाली'.

वर्षश्राद्धाला त्यांनी मला काकूंचा आवाज ऐकवला. असं दुसऱ्या कोणासाठी केलं नव्हतं, तेव्हा मी ते मानाचंच समजते. विषय होता पाटवड्या. काकू म्हणत होत्या, "प्रथम चण्याचे पीठ घ्यावे." मध्येच साहेबांचा आवाज आला, "घ्यावे नको. घ्यायचं. सहज बोल." मग काकू, "प्रथम चण्याचं पीठ घ्यायचं. आता मीठ काहून..." आणि साहेब, "थांब. पुन्हा म्हण." मग काकू, अगदी हळू, "मीठ का आधी टाकायचं, तर."

आवाज काकूंचाच होता. बोलणारी बाई मला ओळखू आली नाही. आकाशवाणीवर नव्याने लागलेल्या निवेदिकेसारखी ती प्रत्येक शब्दावर पाय ठेवून बघत होती, टिकतो का म्हणून. साहेब डोळे मिटून ऐकत होते. जिथे त्यांनी टोकलं होतं तिथे मान डोलवत होते. मी चहा पिऊन घरी आले.

मग त्याच्या पुढच्या वर्षीची ती दिवाळी. निखिल एकटाच आला होता. साहेबांचा संगणक फार मंद झाला होता, उघडायलाच वेळ लागायचा. धनत्रयोदशीच्या सकाळी साहेब ग्वारीघाटला निघाले, काकूंच्या नावाने नर्मदेत दिवा सोडायला. निघताना त्यांनी निखिलला सांगितलं, संगणक पुसून नव्याने बसव, माझं सगळं दोन्ही डिस्कांवर आहे. मी फाटकाशी रांगोळी काढत होते, माझ्यासमोर सांगितलं.

निखिलने संगणक पुसला. नवीन बसवला. मग त्याला वाटलं, आलोच आहोत तर बाबांचा हा बॅकअपचा प्रश्न कायमचा सोडवून टाकावा. त्याने तेच, आपलं आवडतं सॉफ्टवेअर टाकलं. त्या सॉफ्टवेअरने विचारलं, बॅकअप घ्यायला रिकामी डिस्क कोणती? निखिलने कपाट उघडलं. समोर डिस्क होती आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'खाली'.

सॉफ्टवेअरने विचारलं, या डिस्कवर जे असेल ते पुसलं जाईल, नक्की का? तो म्हणाला, हो.

मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा साहेब घाटावरून परतले होते. कपाळावरचा गंधाचा टिळा अजून ओला होता. दोघे उभे होते आणि टेबलावर ती डिस्क होती. साहेब मला बघूनही थांबले नाहीत.

"खाली म्हणजे खाली," ते म्हणत होते. "वर आणि खाली. तुला मराठी वाचता येत नाही?"

"पढ़ना आता है, बाबा. 'खाली' लिखा था. मैंने पढ़ा."

"तू हिंदीत वाचलंस. रिकामी."

"और किसमें पढ़ता?" निखिल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मराठी में मुँह खोलता था तो आप टोकते थे. आई को भी. मैंने बंद कर दी. आई के पास वो रास्ता नहीं था."

मी ताट टेबलावर ठेवलं आणि उभी राहिले, कारण त्या क्षणी निघून जाणंही बरं दिसलं नसतं.

वरची डिस्क होतीच. निखिल धावत वर गेला आणि घेऊन आला. वरच्या खोलीवर पत्रा आहे, आणि जबलपूरच्या दोन उन्हाळ्यांत त्या खोलीत भांड्याला हात लावता येत नव्हता. डिस्क जोडली. आतून टिक टिक असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. एवढंच. दोन वर्षं साहेब सॉफ्टवेअरच्या परीक्षा घेत होते, पण वर जाऊन ती डिस्क एकदाही उघडून पाहिली नव्हती.

दोन्ही डिस्का घेऊन बापलेक गोहलपुरात गेले. तिथे एका गाळ्यात बिघडलेल्या डिस्का उघडून देणारा माणूस आहे. दिवाळी असून त्याने दुकान उघडलं. वरची गेली म्हणाला, आतून खरवडली गेली आहे. खालच्या डिस्कवर नवा माल लिहिला गेला होता. तरी त्याने चार दिवस ठेवून घेतली आणि जे निघालं ते एका पेन ड्राइव्हवर दिलं. बहुतेक फाइली उघडल्याच नाहीत. काहींत नुसती खरखर होती. एकच तुकडा धड निघाला. निखिलने तो माझ्यासमोर लावला. त्यात काकू नव्हत्या. साहेब होते. "थांब," ते म्हणाले. "पुन्हा म्हण." आणि तिथे तो तुकडा संपला.

निखिल भाऊबीजेनंतर पुण्याला गेला. सॉफ्टवेअर तसंच राहिलं. पुसलेल्या संगणकाचा, ज्यात काहीच नव्हतं, त्याचा ते रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचं आणि हिरवी पट्टी दाखवायचं की बॅकअप पुर्ण झाला. साहेबांनी ते काढलं नाही. उकाराबद्दलही कधी बोलले नाहीत.

मग एके दिवशी ते दारोदार निघाले. इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत चपला, प्रत्येक फाटक वाजवत. कोणाच्या फोनमध्ये तिचा आवाज आहे का? एखाद्या वाढदिवसाच्या व्हिडिओत, गणपतीच्या आरतीत, कुठेही. लोक चहा देत, फोन चाळत, आणि सांगत की नहीं अंकल. हळदीकुंकवाच्या एका व्हिडिओत काकू सापडल्या, पण त्यात त्या नुसत्या हसत होत्या, पदर तोंडाशी धरून, आणि वर गाणं लावलेलं होतं. तिवारीजींच्या बायकोने नंतर मला सांगितलं की तो व्हिडिओ त्यांनी फार वेळ बघितला, मग विचारलं की हे गाणं बाजूला काढता येतं का.

माझ्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. मी म्हटलं, बघून सांगते.

मी फोनमधलं काही पुसत नाही. त्यामागे विचार वगैरे काही नाही, वेळ नसतो. काकूंना टाइप करता येत नसे म्हणून त्या बोलून निरोप पाठवायच्या आणि साहेबांच्या धाकाने आपल्या फोनमधून लगेच पुसून टाकायच्या. माझ्या फोनमध्ये ते तसेच पडून होते, पण मध्ये फोन बदलला तेव्हा बाकीचे गेले. नव्या फोनवर एकच आला होता, आजाराच्या आधीचा. मी स्वयंपाकघराचं दार लावून तो ऐकला. काकूंचा तो आवाज, घाईतला, भांड्यांच्या आवाजात:

"काय करून राहिली वं माई? ये ना घडीभर. हे बाहेर गेले, तासभर तं येत नाही आता. हे असले का मले बोलताच येत नाही पाह्य, तोंडाले कुलूप लागते. ये लवकर. पाटवड्या केल्या."

दोन दिवस मी काही सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत मला हे कळलं की ते कुलपाचं वाक्य कापून बाकीचं द्यायचं तर फार थोडं उरतं. आणि कापायचं मी कोण? मेलेल्या बाईचं बोलणं तपासून, दुरुस्त करून नवऱ्याच्या हाती द्यायचं, हे काम एक माणूस आयुष्यभर करून थकला होता. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले आणि तशीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, एक आहे. तुम्हाला आवडेलच असं नाही.

"लावा," ते म्हणाले.

मी फोन टेबलावर ठेवला आणि लावला. त्यांनी तो हातात घेतला नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, जसं कार्यालयात वरिष्ठांसमोर बसतात तसं बसून, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचे ओठ एकदाही हलले नाहीत.

"अशा तुम्ही कितीदा यायच्या?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर गेलात की."

"मी बाहेर फारसा जातच नसे."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग तो निरोप आपल्या फोनवर पाठवून द्यायला सांगितला. मी पाठवला. आणखी कुठे ठेवायचा का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले.

त्यानंतर साहेब रोज संध्याकाळी तासभर बाहेर पडू लागले. आधी मला वाटलं, फिरायला जातात, बरं आहे. पण ते फिरत नसत. गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर जी पुलिया आहे, तिच्या कठड्यावर जाऊन बसत, घराकडे पाठ करून. घराला कुलूप नसे. पुढचं दार नुसतं लोटलेलं, आत दिवा लावलेला. तिवारीजी एकदा गमतीने म्हणाले की भैया नाल्यावर पहारा देतात आणि घर चोरांना मोकळं सोडतात. मी कधी कारण विचारलं नाही. आता त्याचा कोणाला काय उपयोग, असं माझ्या मनात यायचं, तेही बोलले नाही. बोलून काही परत मिळणार नव्हतं.

हिवाळा लागला तसा निखिल येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. घर बंद आहे. तिथे साहेब कसे राहतात ते मला ठाऊक नाही. निखिल फोनवर ठीक आहेत म्हणतो, हिंदीत.

ते निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ड्यूटीवरून येत होते. ऑटोवाला पुलियाशीच सोडतो. थंडी चांगली पडली होती, नाल्यावर धुकं उतरायला लागलं होतं आणि साहेब कठड्यावर बसले होते, मफलर कानांवरून घेतलेला, हात बगलेत. त्यांच्या मागे गल्लीत त्यांच्या पुढच्या खोलीचा दिवा दिसत होता. मी म्हटलं, साहेब, गारठा आहे, चला आत.

"तास झाला का?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. झाला नव्हता. मी तसं सांगितलं.

ते उठायला म्हणून जरासे सरकले होते, ते पुन्हा नीट बसले.